जलतरंगाचे ग्लास एकाच सुरात का वाजतात?

प्रश्न : सात वर्षांच्या मुलीसाठी घरी जलतरंग मांडलं. सहा एकसारखे काचेचे ग्लास, प्रत्येकात आधीच्यापेक्षा थोडं जास्त पाणी. पहिले तीन मात्र जवळपास एकाच सुरात वाजतात. काय चुकतंय?
— एक पालक, सातारा

उत्तर : टोला मारल्यावर थरथरतो तो काठ, तळ जवळजवळ हलतच नाही. त्यामुळे तळाशी कितीही पाणी ओता, सुरात फारसा फरक पडत नाही. पाणी काठाजवळ आलं की मात्र चमचाभरानेही सूर उतरतो.

म्हणून ग्लास ठेवून द्या आणि चिनी मातीचे लहान-मोठे पाच बाउल घ्या. घेताना टिचकी मारून ऐका. तडा गेलेला बाउल बद्द वाजतो. पाण्याने सूर खालीच येतो, चढत नाही. तेव्हा वरच्या स्वराला लहान बाउल हवा. घडी घातलेल्या टॉवेलवर, एकमेकांना न लागता मांडा. पेटीवर किंवा ॲपवर स्वर धरून सा, रे, ग, प, ध लावा. शेवटचं पाणी चमच्यानेच. हे भूप रागाचे स्वर आहेत, मुलीने कसेही वाजवले तरी कानाला खटकत नाहीत. काठावर पेन्सिलीने हलका टोला पुरे.

मग खरा खेळ : तिने पाठ करून बसायचं, तुम्ही एक बाउल वाजवायचा, तिने ओळखायचा. सुरुवात फक्त सा आणि प यांनी करा. मग ग. रे शेवटी आणा. तो सा-ला इतका जवळ असतो की घाई केली तर मूल अंदाजाने उत्तरं देऊ लागतं आणि ऐकणं थांबतं. रोज दहा मिनिटं भरपूर झाली.