करंट वाढवायचा का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, सासूबाईंचे गुडघे झिजलेत म्हणून फिजिओकडे नेतेय, ती चार पॅड चिकटवून वीस मिनिटं टेन्स मशीन (त्वचेवरून हलका करंट देणारं) लावते. पहिले तीन दिवस एकदम हलकं वाटलं म्हणाल्या, आता पाचव्या दिवशी म्हणतात नुसत्या मुंग्या येतात, दुखणं आहे तिथंच. करंट वाढवायचा का? आणि रोज करंट घेऊन नसा बधिर होतात असं शेजारच्या काकू म्हणतात, ते खरंय?

उत्तर : ताई, काकूंना सांगा नसांना काही होत नाही. कोपर दाराला आपटलं की आपण आधी चोळतो ना, तसंच हे. स्पर्शाचे जाड तंतू जागे झाले की दुखण्याचा निरोप पाठीच्या कण्यातच अडतो, मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये हे मांडलं, गेट कंट्रोल म्हणतात त्याला. मग १९६७ मध्ये वॉल आणि स्वीट यांनी पेशंटच्या आधी स्वतःच्याच डोळ्याखालच्या नसेत सुया घालून करंट सोडून बघितला (हौस बघा!).

आता पाचव्या दिवसाचं. रोज तोच करंट, तीच फ्रिक्वेन्सी (सेकंदाला किती ठोके ते) लावली की शरीर सरावतं, तुमच्याकडे बहुतेक तेच झालंय. त्यामुळे करंट थोडा वाढवायला हरकत नाही, जोरात जाणवला पाहिजे पण सहन झाला पाहिजे, चटका बसला की जास्त झाला. फिजिओला फ्रिक्वेन्सीपण बदलून बघायला सांगा, १०० हर्ट्‌झच्या आसपासची वेगळी आणि २ ते ४ हर्ट्‌झची ठोके दिल्यासारखी वेगळी, या दुसरीत शरीर स्वतःची अफूसारखी वेदनाशामकं सोडतं.

पण खरं सांगू का, मशीन गुडघा बरा करत नाही, फक्त थोडा वेळ दुखणं कमी जाणवतं. ब्रिटनमध्ये कोणता उपचार द्यावा याचे सल्ले देणाऱ्या नाइस या संस्थेने तर २०२२ मध्ये पुरेसा पुरावा नाही म्हणून गुडघ्याच्या झिजेला टेन्स देऊ नका असंच सांगितलं, भर व्यायामावर. तरी आराम पडत असेल तर मी बंद करा म्हणणार नाही, फक्त ती वीस मिनिटं मोबाईल बघत घालवू नका, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, पाच आकडे मोजून सोडायची, असं दहा वेळा, कारण दुखणं सगळ्यात कमी असतं ते मशीन चालू असतानाच.

आणि हो, सासूबाईंना पेसमेकर असेल तर आधी हार्टच्या डॉक्टरांना विचारा, तोपर्यंत मशीन बंद.