‘आयएनजी’ कुठे लावायचे?

जळगावात माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारी महाविद्यालयीन मुले, विशेषतः रावेर-यावल भागातली, एकच काळजी वारंवार बोलून दाखवतात: व्याकरण पाठ आहे, पण इंग्रजी बोलताना ‘आयएनजी’ कुठे लावायचे ते उमगत नाही आणि मुलाखतीत तोंडच उघडत नाही. अशाच एका केळी बागायतदाराच्या मुलीशी झालेल्या अनेक भेटींचे सार येथे मांडते.

“मॅडम, मी सगळीकडेच ‘आयएनजी’ लावते,” ती म्हणाली. ‘आय ॲम नोइंग’, ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ अशा वाक्यांमुळे तिला निष्काळजी ठरवले गेले होते. मला मात्र त्यांत तिने स्वतःच बांधलेला नियम दिसला: मराठीत ‘आहे’ आले की इंग्रजीत ‘ॲम’, आणि ‘ॲम’ आले की ‘आयएनजी’. चुकीमागचा विचार समजल्याशिवाय चूक सुधारू नये, असे मी मानते.

“बाबा आत्ता काय करत असतील?”

“केळीची गाडी भरत असतील. हि इज लोडिंग द ट्रक.”

“आणि एरवी?”

“हि ग्रोज बनानाज.”

“त्यांना आजचा भाव माहीत आहे?”

“हि इज नोइंग...” ती अडखळली आणि बराच वेळ गप्प राहिली. मीही बोलले नाही. मग ती सावकाश म्हणाली, “मॅडम, गाडी भरणं मध्येच थांबवता येतं. माहीत असणं कसं थांबवणार? हि नोज द रेट.”

हा भेद मी सांगितला असता, तर तो वहीत उतरला असता. तिला तो स्वतः सापडला, म्हणून तो तिच्या बोलण्यात उतरला, याचे मला मनापासून समाधान आहे.

म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याने आधी पाहावे, की आपण सांगतो ती कृती या क्षणी किंवा सध्यापुरती चालू आहे, की ती सवय वा स्थिती आहे. ‘नो’, ‘वाँट’, ‘बिलाँग’ ही स्थिती सांगणारी क्रियापदे सहसा ‘आयएनजी’ घेत नाहीत. ‘हॅव’ मात्र अर्थानुसार बदलते: भाऊ असणे ही स्थिती, म्हणून ‘आय हॅव टू ब्रदर्स’, जेवण ही चालू कृती, म्हणून ‘आय ॲम हॅविंग लंच’. उद्या धुळ्याला जायचे पक्के ठरले असेल, तर ‘आय ॲम गोइंग टु धुळे टुमॉरो’ हेही बरोबरच. मुलाखतीत स्वतःविषयी सांगताना गाव आणि घरची माणसे साध्या वर्तमानकाळात सांगावीत आणि सध्या चाललेल्या अभ्यासाशी आले की निःशंकपणे ‘आय ॲम स्टडीइंग’ म्हणावे.