विषय येतो, पण तोंड उघडत नाही

प्रश्न : मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. अभ्यासात बरी आहे. परीक्षेआधी मैत्रिणी शंका घेऊन माझ्याकडेच येतात. पण ग्रुप डिस्कशनमध्ये माझ्या तोंडून एक वाक्य निघत नाही आणि मुलाखतीत येत असलेलं उत्तरही अडखळतं. दोन ठिकाणी नकार मिळाला. मुलाखतीची भाषा माझी रोजची भाषा नाही, त्याचंही दडपण येतं. घरचे म्हणतात, पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचा क्लास लाव. मला वाटतं, फारसं बोलावं लागणार नाही असंच काम शोधावं. आणि मुलाखतीत काही सुचेनासं झालं, तर तसं सांगावं का?

उत्तर : तुझ्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तू जाता जाता लिहून गेली आहेस. परीक्षेआधी मैत्रिणी शंका घेऊन तुझ्याकडे येतात. अवघड गोष्ट समोरच्याच्या डोक्यात उतरेल अशी सांगणं तुला जमतं, आणि हे न जमणारे हुशार विद्यार्थी मी ढिगाने पाहतो. अनोळखी माणसं तुला जोखायला बसली, की तेवढ्यापुरतं तुझं अडतं. आत्मविश्वास हा असा कामागणिक वेगवेगळा असतो, त्यामुळे ‘माझ्यात आत्मविश्वासच नाही’ असा शिक्का स्वतःवर मारू नकोस.

अल्बर्ट बँड्युरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली याची मांडणी केली. एखादं काम आपल्याला जमेल हा विश्वास कुठून येतो, याचे चार स्रोत त्याने सांगितले : ते काम स्वतः करून जमल्याचा अनुभव, आपल्यासारख्याच कुणाला ते जमताना पाहणं, इतरांनी दिलेला धीर आणि त्या वेळी शरीरात होणाऱ्या धडधडीचा आपण लावलेला अर्थ. यात सगळ्यात बळकट पहिला. घरचे म्हणतात तो ‘धीर धर, तुला येईल’ हा तिसरा. तो हवाच, पण एकट्याने फार पुरत नाही. म्हणून आधी आत्मविश्वास येईल आणि मग मी बोलेन, ही वाट पाहणं सोड.

सुरुवात सोप्या ठिकाणापासून कर. वर्गात दिवसाकाठी एक प्रश्न विचारायचा, तोही आधी वहीत लिहून. ते अंगवळणी पडलं की प्रोजेक्टच्या गटात पाच मिनिटांचा आढावा तू द्यायचा. मग दुसऱ्या शाखेच्या कुणासमोर. ग्रुप डिस्कशन त्याच्या पुढे. तिथे पहिलंच आणि दणदणीत बोलावं लागतं, हा गैरसमज आहे. ‘आत्ता खर्चाचा मुद्दा निघाला, त्याला देखभालीची बाजू जोडते’ एवढ्या वाक्याने आत शिरता येतं. आणि दुसऱ्याचं ऐकून पुढे नेणारा उमेदवार परीक्षकांना दिसतोच, कारण तसे कमी असतात. दोन-तीन फेऱ्या गेल्या आणि आपण अजून गप्पच आहोत, तर शेवटी चर्चेचा गोषवारा सांगायची संधी घे. तुझ्यासारख्या लक्ष देऊन ऐकणाऱ्या मुलीला ते सोपं जाईल.

आता मुलाखत. ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटल्यावर बहुतेक जण नाव, गाव, शाळा, टक्के अशी जंत्री सुरू करतात आणि शेवटी ‘मी मेहनती आहे’ असं म्हणून थांबतात. समोरचा हे सगळं बायोडेटात वाचून बसलेला असतो. त्याऐवजी समज, तुझा प्रोजेक्ट पंपाच्या कंपनांवरून बिघाड ओळखण्याचा आहे. तर असं सांगता येईल : ‘आमच्या गटात सेन्सर कुठे बसवायचा हे ठरवायचं काम माझ्याकडे होतं. पहिल्या जागी रीडिंग स्थिर येत नव्हतं. मी तो बेअरिंगच्या जवळ हलवला, रीडिंग पुन्हा घेतली आणि फरक गटाला आलेखावर दाखवला.’ परिस्थिती काय होती, माझ्यावर काय होतं, मी काय केलं, त्यातून काय निघालं, या क्रमाने बोललं की धागा सुटत नाही. प्रोजेक्टमधले, कॉलेजच्या कामातले, एखाद्या भांडणातलेसुद्धा, असे चार-पाच प्रसंग तयार ठेव. निम्म्याअधिक प्रश्नांची उत्तरं त्यातूनच निघतात.

पाठांतर मात्र करू नकोस. पाठ केलेल्या उत्तरातला एक शब्द निसटला की पुढचं सगळं कोसळतं. फक्त पहिलं आणि शेवटचं वाक्य पक्कं ठेव. मधलं दर वेळी वेगळ्या शब्दांत येऊ दे. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐक. पहिल्यांदा स्वतःचा आवाज नकोसा वाटेल, सगळ्यांनाच वाटतो. एका वेळी एकच गोष्ट तपास : आज वाक्यं अर्धवट सुटतात का, उद्या वेग.

भाषेचं म्हणशील तर व्याकरणाच्या चुकांनी जेवढं बिघडत नाही, तेवढं लांबलचक वाक्यांनी बिघडतं. छोटी वाक्यं कर. विषयातले नेहमीचे शब्द मोठ्याने उच्चारून ठेव, कारण वाचताना ओळखीचा असलेला शब्द जिभेवर पहिल्यांदा अडतोच.

आपली घाबरगुंडी सगळ्यांना दिसते, हेही तितकंसं खरं नाही. थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवलं. जवळपास निम्म्या लोकांच्या तो लक्षात येईल असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात सुमारे पाव लोकांच्याच लक्षात आला.

क्लासबद्दल. जिथे दर वेळी तुला उभं राहून बोलावं लागतं आणि नेमकं कुठे चुकलं हे सांगितलं जातं, तिथे जरूर जा. जिथे दोन तास एकच माणूस बोलतो आणि तुम्ही टाळ्या वाजवता, तिथे जाऊ नकोस. ‘संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के’ असं पडद्यावर झळकलं तर तर नक्कीच नको. तो आकडा आल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७च्या प्रयोगांतून उचललेला आहे. ते प्रयोग सुटे शब्द, आवाजाची ढब आणि चेहरा यांवरून भावना ओळखण्याबद्दल होते. सेन्सर कुठे बसवला हे हातवाऱ्यांनी सांगता येत नाही.

राहिलं कमी बोलण्याचं काम. तुला मुळात शांतपणे, एकटीने काम करायला आवडत असेल, तर डिझाइन, ॲनालिसिस, संशोधन ही क्षेत्रं जरूर निवड. पण केवळ भीतीपोटी निवडू नकोस. तिथेही डिझाइन रिव्ह्यू असतो आणि आपलं ड्रॉइंग बरोबर का आहे हे आपल्यालाच सांगावं लागतं. मितभाषी असणं हा दोष नाही. मात्र भीतीने झोप उडत असेल, तोंडी परीक्षा चुकवाव्या लागत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेट. याला सोशल अँग्झायटी म्हणतात आणि त्यावर चांगले उपचार आहेत.

मुलाखतीत सुचेनासं झालं, तर सांग, पण एकाच वाक्यात : ‘थोडा वेळ घेते, उत्तर जुळवते.’ श्वास सावकाश सोड, मग बोल. मधली शांतता तुला वाटते तेवढी समोरच्याला लांब वाटत नाही. उत्तर येतच नसेल तर ‘हे मला माहीत नाही, पण शोधायचं झालं तर मी अमुक ठिकाणापासून सुरुवात करेन’ असं म्हण आणि थांब. माफी मागत बसू नकोस.