मालाला दार उघडे, माणसाला बंद: ही विसंगती नव्हे का?

आपण विचारले आहे की, स्वातंत्र्यवादी (लिबर्टेरियन) मंडळी, म्हणजे माणसांच्या व्यवहारांत सरकारने कमीत कमी पडावे असे मानणारे लोक, मालाची ने-आण मोकळी असावी असा आग्रह धरतात, पण परदेशी माणसे कामासाठी येऊ लागली की त्यांतले बरेच जण सरकारच्या बाजूला जाऊन उभे राहतात, ही विसंगती नव्हे का. माझ्या मते ती विसंगतीच आहे. मी स्वतः याच विचाराचा असल्याने ती झाकण्यात मला अर्थ वाटत नाही.

या विचाराचा पाया असा की, दोन सज्ञान माणसे राजीखुशीने व्यवहार करत असतील आणि त्यात तिसऱ्याच्या जीविताला वा मालमत्तेला धक्का लागत नसेल, तर आडवे येण्याचे कारण सरकारने द्यायचे असते, परवानगी त्या दोघांनी मागायची नसते. परदेशी विणकराचे कापड विकत घेणे आणि त्या विणकरालाच कामावर ठेवणे, या कसोटीवर दोन्ही सारखेच उतरतात.

व्यापाराबद्दल फार लिहायला नको, कारण एरवी एकमेकांशी भांडणारे अर्थशास्त्रज्ञही तिथे बऱ्यापैकी एका सुरात बोलतात. एकच उदाहरण देतो. अमेरिकेने २०१८ मध्ये आयात वॉशिंग मशीनवर जादा शुल्क बसवले. ठरावीक संख्येपर्यंत २० टक्के, त्यापुढे ५० टक्के. मशीन सुमारे १२ टक्क्यांनी महागले, यात नवल काही नाही. गंमत झाली ती कपडे वाळवणाऱ्या यंत्राची, म्हणजे ड्रायरची. त्याच्यावर हे शुल्क नव्हतेच, तरी तोही जवळपास तेवढाच महागला, कारण तिथे ही दोन यंत्रे बहुधा जोडीने विकली जातात आणि विक्रेत्यांनी भार दोहोंवर वाटून टाकला. यातून सुमारे १,८०० नोकऱ्या उभ्या राहिल्या, पण पुढे या शुल्काचा अभ्यास करणाऱ्यांच्या हिशेबाने त्यांतल्या प्रत्येक नोकरीपायी ग्राहकांना वर्षाला आठ लाख डॉलरहून अधिक भुर्दंड पडला. ड्रायर घेणाऱ्याला तर आपण कशाचे पैसे भरतो आहोत, हे कळण्याचीही सोय नव्हती.

माणसांच्या बाबतीत पुरावा इतका एकमुखी नाही, हे कबूल केले पाहिजे. १९८० मध्ये क्यूबातील मारियेल बंदरातून काही महिन्यांत सुमारे सव्वा लाख लोक बोटींनी फ्लोरिडात उतरले आणि मायामीतील कामगारांची संख्या जवळपास ७ टक्क्यांनी वाढली. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड कार्ड यांना १९९० च्या अभ्यासात तेथील अकुशल कामगारांच्या मजुरीवर त्याचा जवळजवळ काहीच परिणाम आढळला नाही. पुढे दुसरे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज बोर्हास यांनी केवळ शालेय शिक्षण अर्धवट राहिलेल्या पुरुषांची मजुरी तपासून मोठी घट दाखवली, तर त्यांनी निवडलेला गट फारच लहान आहे, असा आक्षेप त्यावर आला. मला कार्ड यांची बाजू अधिक पटते, पण माझे म्हणणे त्यावर अवलंबून नाही. स्वस्त आयातीनेही कुणाची तरी मिळकत घटतेच, आणि तरीही आम्ही आयातबंदी मागत नाही.

आमच्यातले बरेच जण घसरतात ते मर्यादित सरकारच्या मुद्द्यावर. सीमेवर पहारा बसवला की काम संपले, असे त्यांना वाटते. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने, कामाचा परवाना नसलेल्या परदेशी माणसाला जाणूनबुजून नोकरीवर ठेवणे बेकायदेशीर ठरवले. आता परका कोण, हे चेहऱ्यावरून ओळखता येत नाही; म्हणून प्रत्येक नव्या कर्मचाऱ्याकडून आय-नाइन नावाचा फॉर्म भरून घ्यायचा, त्याची कागदपत्रे तपासायची आणि तो फॉर्म जपून ठेवायचा, हे मालकाच्या गळ्यात पडले. जन्मात कधी सीमा न ओलांडलेल्या नागरिकालाही नोकरी लागताच, आपल्याला इथे काम करण्याचा हक्क आहे, हे कागद दाखवून सिद्ध करावे लागते. जकातीच्या नाक्यावर संतापणारा माणूस या व्यवस्थेला मर्यादित सरकार कसे म्हणतो, हे मला अजून उमगलेले नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप मुक्त बाजाराचे पुरस्कर्ते अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांचा आहे, आणि तो घरचाच असल्याने टाळता येत नाही. मुक्त स्थलांतर आणि कल्याणकारी राज्य एकत्र नांदू शकत नाहीत, कारण मग माणसे कामासाठी नव्हे, सरकारी मदतीसाठी येतील, असे त्यांचे म्हणणे होते. परंतु यावर सीमा बंद करणे हा एकच उपाय नाही. मदतीच्या अटी बदलता येतात. अमेरिकेच्याच १९९६ च्या कायद्याने, कायदेशीर मार्गाने आलेल्या बहुतेक स्थलांतरितांना पहिली पाच वर्षे, उत्पन्न पाहून दिल्या जाणाऱ्या केंद्रीय सवलतींपासून दूर ठेवले. लहान मुलांच्या बाबतीत तो कायदा मलाही कठोर वाटला, पण दार उघडे ठेवून तिजोरीला कुलूप लावता येते, एवढे त्यावरून दिसते. मतदानाचेही तसेच आहे. राहण्याची आणि काम करण्याची मुभा मिळाली म्हणजे नागरिकत्व लगेच दिलेच पाहिजे, असे नाही.

दार उघडे ठेवले तर गुन्हेगारही आत येतील, ही आपली शंका मात्र रास्त आहे. ज्याच्या हातून दुसऱ्याच्या जीविताला धोका आहे त्याला अडवणे हे न्यायालय आणि पोलीस यांच्याच कामाचा भाग आहे, आणि ते काम आमच्यातले बहुतेक जण सरकारकडेच ठेवतात.