वाचकांचे प्रश्न : काउंटरवरच्या आंटीला विचारा

प्रश्न : आमची मुलगी होनोलुलूत नोकरीला आहे. पुढच्या महिन्यात आम्ही दोघं तिच्याकडे जातोय. ती म्हणते, मोठ्या हॉटेलातल्या बुफेपेक्षा तुम्हाला माझ्या घराजवळच्या हवाई पद्धतीच्या कॅफेत नेते; सकाळी नाश्ता, नाहीतर दुपारचं जेवण. यांना सगळं चालतं. मी अंडं खाते, मांस-मासे नाही. मुलीने मेनू पाठवलाय, पण त्यातलं निम्मं कळत नाही. माझं पोट भरेल ना?

उत्तर : भरेल ताई, आणि मुलीचं ऐकाच. वायकिकी या पर्यटकांच्या भागातल्या बुफेसारखा बुफे जगात कुठेही मिळतो. होनोलुलूची माणसं जेवतात ती कायमुकी, कपाहुलू, कलिही असल्या वस्त्यांतल्या छोट्या कॅफेंत. हे कॅफे पहाटे उघडतात आणि पुष्कळसे दुपारी दोनच्या सुमारास बंद होतात, त्यामुळे जरा लवकर निघा. मी याच शहरात राहते आणि बाहेरगावचं कुणी आलं की त्यांना आधी तिथेच नेते. काउंटरवर बहुधा एखादी वयस्कर बाई असते, तिला सगळे ‘आंटी’ म्हणतात. तुम्हीही म्हणा. इथे तो मान आहे. मेनूतलं काहीही अडलं तर तिलाच विचारा.

आधी यजमानांचं. त्यांच्यासाठी लोको मोको मागवा, पण ‘सगळं चालतं’ यात गोमांस येतं का, ते घरूनच ठरवून निघा. खाली भात, त्यावर गोमांसाची जाड टिक्की, त्यावर हाफ फ्राय अंडं आणि सगळ्यावर तपकिरी ग्रेव्ही, असा हा पदार्थ. तो मोठ्या बेटावरच्या हिलो गावातला. 1949 च्या सुमारास लिंकन ग्रिल नावाच्या खाणावळीत येणाऱ्या शाळकरी पोरांना सँडविचचा कंटाळा आला होता. त्यांना स्वस्त, गरम आणि पोटभर काहीतरी हवं होतं. त्यातून हे जमलं. ग्रेव्हीतही बहुधा गोमांसाचाच रस असतो. चालत नसेल तर कालुआ पिग, म्हणजे मीठ लावून मंद शिजवून तंतू तंतू केलेलं डुकराचं मांस, मागवता येईल. मूळ पद्धतीत ते जमिनीत खणलेल्या, तापल्या दगडांच्या ‘इमू’त शिजतं. कॅफेत बहुतेक वेळा भट्टीत करतात, तरी चव धरून असतं.

आता तुमचं. ‘व्हेजिटेरियन’ एवढं एकच सांगून थांबू नका. मांस नको, मासे नको, त्यांचा रससुद्धा नको, असं तोडून सांगा. कारण मांस-मासे इथे दिसतात तेवढ्याच जागी नसतात. साइमिन या शेवयांच्या सूपवरचे तुकडे काढून देतील, पण रस सुक्या कोलंबीचा किंवा माशाचा असतो. भातावर भुरभुरवतात त्या फुरिकाकेत बहुधा सुक्या माशाचा कीस असतो. फ्राइड राइसमध्ये सॉसेज आणि स्पॅम, म्हणजे डबाबंद मांस, बारीक चिरून घातलेलं असतं, ते वेचून खायच्या फंदात पडू नका. मॅकरोनी सॅलड एरवी मेयोनीज आणि किसलेल्या गाजराचं असतं, पण कुणी त्यात ट्यूना घालतं. तेवढं विचारून घ्या.

आणि मग निवांत मागवा : दोन अंडी, दोन स्कूप भात, वर शोयूची, म्हणजे सोया सॉसची, धार. अर्धी पपई, लिंबू पिळून. अळकुड्यांच्या पिठाचे जांभळट पॅनकेक असतील तर ते सोडू नका. काही ठिकाणी त्यावर नारळाच्या दुधाचा सॉस घालतात. पोर्तुगीज गोड पावाचा फ्रेंच टोस्ट मला स्वतःला सगळ्यात आवडतो. गोडात हाउपिया घ्या. नारळाचं दूध, साखर आणि कॉर्नफ्लॉवर, बाकी काही नाही. मालासादा म्हणजे साखरेत घोळवलेला, आतून मऊ, मधे भोक नसलेला तळलेला गोळा. 1878 पासून मदेइरा आणि अझोर्स बेटांवरून आलेल्या पोर्तुगीज मजुरांनी तो आणला. 1952 मध्ये सुरू झालेली लेनर्ड्स बेकरी कपाहुलू रस्त्यावर आजही तो तळते. गरम असतानाच खायचा, घरी नेऊन नाही.

प्रश्न : इतकी हिरवी बेटं, भोवती एवढा समुद्र, आणि तिथले लोक डब्यातलं स्पॅम आवडीने खातात म्हणे. ताजं सोडून हे का?

उत्तर : स्पॅम म्हणजे डुकराचं खारवलेलं डबाबंद मांस. 1937 साली ते अमेरिकेत बाजारात आलं, आणि हवाईत आज वर्षाला सुमारे 70 लाख डबे खपतात. या आवडीला कुणी नाक मुरडलं की मला वाईट वाटतं, कारण तिच्यामागे युद्ध आहे. डिसेंबर 1941 मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि बेटांवर लष्करी कायदा लागला. मासेमारीवर बंधनं आली. जपानी वंशाच्या कोळ्यांच्या होड्या जप्त झाल्या, आणि मासे पकडणारे मुख्यतः तेच होते. समुद्र भोवती असूनही ताटात मासा येईना. लष्कराबरोबर आलेले डबे मात्र होते, खराब न होणारे. आयांनी त्यातच मुलं वाढवली. शोयू आणि साखरेत परतलेला स्पॅमचा काप भाताच्या दाबलेल्या वडीवर ठेवून नोरीची, म्हणजे सुक्या समुद्री शेवाळाची, पट्टी गुंडाळली की झाली मुसुबी. आज ती शाळेच्या डब्यात असते आणि पेट्रोल पंपावरच्या दुकानातही.

प्रश्न : कॅफेत टिप द्यावी लागते का? बिलात आणखी काय असतं?

उत्तर : टेबलावर आणून वाढत असतील तर 15 ते 20 टक्के द्या. काउंटरवरून स्वतः घेतलंत तर बरणीत थोडं टाकलं तरी चालतं. मेनूवरच्या किमतीत कर धरलेला नसतो. होनोलुलू ज्या बेटावर आहे त्या ओआहूवर तो साडेचार टक्क्यांहून किंचित जास्त पडतो. मिनी प्लेट मिळते का तेही विचारा, पूर्ण प्लेट एकट्याला संपत नाही.

प्रश्न : आम्ही हवाईला जाऊन आलो. प्लेट लंचसोबत पोई नावाचा राखाडी-जांभळा लगदा मागवला होता. मुलाने एक घास घेऊन ‘आंबलंय’ म्हणून बाजूला सारला, आम्हीही टाकून दिला. लोक हे आवडीने कसे खातात?

उत्तर : पोई अळकुड्यांचीच असते. मूळ पद्धतीत उकडलेला कंद दगडी बत्त्याने कुटून, पाणी घालून सैल करतात. ताजी गोडसर लागते, दोन-तीन दिवसांनी आंबट होते, आणि जाणत्यांना ती आंबटच आवडते. तुमच्या मुलाला जे आंबलेलं वाटलं तीच तिची मुरलेली चव होती.

अळूला इथे ‘कालो’ म्हणतात, आणि मूळ हवाईयन माणसासाठी तो थोरला भाऊ आहे. जुन्या कथेत आकाशपिता वाकेआ आणि देवी होओहोकूकलानी यांचं पहिलं मूल मृत जन्मलं. ते पुरलं, तिथे कालो उगवला. नंतर जन्मलेलं मूल म्हणजे हालोआ, माणसांचा पूर्वज. थोरल्याने धाकट्याला पोसायचं आणि धाकट्याने थोरल्याची निगा राखायची. म्हणून पोईचं भांडं उघडं असताना घरात भांडायचं नाही, अशी जुनी रीत आहे. हे नुसतं कथेत राहिलेलं नाही. हवाई विद्यापीठाने 2002 मध्ये कालोच्या तीन वाणांवर पेटंट घेतलं तेव्हा शेतकरी आणि विद्यार्थी उभे राहिले : भावाची मालकी कुणी कशी घेईल? 2006 मध्ये विद्यापीठाने ती पेटंटं सोडून दिली. हाताने कुटलेली, पाणी न घातलेली घट्ट ‘पाइआइ’ आरोग्य खात्याच्या नियमांमुळे उघड विकता येत नव्हती, तिच्यासाठी 2011 मध्ये वेगळा कायदा करून घ्यावा लागला.

आता तुमच्या त्या प्लेटकडे पाहा. दोन स्कूप भात, एक स्कूप मॅकरोनी सॅलड आणि मांस, हे प्लेट लंच उसाच्या मळ्यांतून आलं. चीन, जपान, पोर्तुगाल, पोर्तो रिको, कोरिया, फिलिपाइन्स इथून मजूर आले आणि प्रत्येकाने आपलं काहीतरी त्यात ठेवलं. मला ते जेवण मनापासून प्रिय आहे. पण त्याच मळ्यांनी ओढ्यांचं पाणी वळवून नेलं आणि कालोची कितीतरी पाणथळ खाचरं कोरडी पडली. इतर काही खाचरांत पुढे चिनी शेतकऱ्यांनी भात लावला. लोको मोको, मुसुबी, साइमिन हे बेटांवर येऊन राहिलेल्या सगळ्यांचं जेवण. पोई, लाउलाउ (अळूच्या पानांत गुंडाळून वाफवलेलं मांस), कालुआ पिग हे मूळ हवाईयन लोकांचं. एकाच काउंटरवर दोन्ही मिळतं, म्हणून पाहुण्याला फरक कळत नाही. तो कळावा, असं मला फार वाटतं. पोई आता महाग झाली आहे, आणि कॅफेवाला ती मेनूवर ठेवतो तेव्हा ती कुठल्या तरी खाचरात गुडघाभर चिखलात उभं राहून पिकवलेली असते.

पुढच्या वेळी पोई नुसती चाखू नका. खारट घासासोबत घ्या : कालुआ पिग, किंवा लोमी सामन, म्हणजे टोमॅटो-कांद्यातला खारवलेला सामन मासा. शाकाहारी असाल तर कच्चा कांदा आणि हवाईचं जाडं मीठ मागा. पोई दोन बोटांनी उचलायची. आणि ‘आजची आहे का?’ हे आंटीला आधी विचारा. पहिल्यांदा खाणाऱ्याने ताजीच घ्यावी. मुलांना दूध-साखर घालून द्या, इथली पुष्कळ मुलं तशीच खातात.