नेटलोगोमध्ये (हलणाऱ्या पात्रांची सिम्युलेशन्स बनवायचं सॉफ्टवेअर) मी काढलेला मासा आडवाच सरकतोय, आणि सेट कलर ही कमांड देऊनही रंग बदलत नाही, काय करू?

टूल्स मेनूमधून टर्टल शेप्स एडिटर (पात्रांची चित्रं बदलायची खिडकी) उघडा आणि माशाचं तोंड वरच्या बाजूला करा, नेटलोगोत हेडिंग (पात्राची दिशा) 0 म्हणजे वर, तुम्ही आडवा काढला असणार म्हणून तसा सरकतोय. रोटेटेबलची टिक राहू द्या, नाहीतर मासा वळला तरी चित्र वळत नाही. (माणसाच्या शेपला मात्र ती टिक नकोच, खालच्या दिशेला निघाला की डोक्यावर चालायला लागतो!) रंगाचं म्हणाल तर 'कलर दॅट चेंजेस'मध्ये जो रंग निवडलाय तेवढाच भाग सेट कलरने बदलतो, बाकी जसाच्या तसा, म्हणून अंग त्याच रंगाने भरा आणि डोळा काळा ठेवा. मासा मोठा हवा असेल तर सेट साइज 3 द्या बिनधास्त, चित्र वेक्टर आहे, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषा-आकारांनी बनलेलं, कडा फाटत नाहीत.