मशीन पडलं तरी शेवटची ओळ उरायला हवी

प्रश्न : ई अँड टीसी डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टमधला ठिबकचे व्हॉल्व्ह चालवणारा लिनक्स बोर्ड रात्री अडकतो, वॉचडॉग (अडकलेल्या बोर्डाला आपोआप रीसेट करणारा टायमर) त्याला रीबूट करतो आणि सकाळी लॉगमध्ये काहीच नसतं. मला हेच शोधत बसायला आवडतं. बाबा म्हणतात, यात नोकरी नाही, वेब डेव्हलपमेंटचा कोर्स लाव. काय करू?

उत्तर : आधी बोर्डाचं बोलू, करिअरचं उत्तर तिथूनच निघेल.

एसडी कार्ड झिजू नये म्हणून छोट्या बोर्डांवर जर्नल, म्हणजे सिस्टिमचा लॉग, बरेचदा रॅममध्येच ठेवतात. रीबूट झालं की सगळं पुसलं. हा लॉग सांभाळणाऱ्या जर्नलडीच्या सेटिंगमध्ये स्टोरेज 'पर्सिस्टंट' (कायम टिकणारं) कर, मग मागच्या बूटचा लॉग वेगळा बघता येईल. पण तेवढ्याने भागणार नाही. अति-गंभीर संदेश सोडले तर जर्नल डिस्कवर पक्का उतरतो तो एरवी ५ मिनिटांनी, आणि तुला हवे आहेत नेमके शेवटचे काही सेकंद.

त्यासाठी कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, २०११ पासून पीस्टोअर ही शेवटचे संदेश रीबूटपलीकडे जपणारी सोय आहे. त्याचा रॅमूप्स हा भाग रॅमचा एक छोटा तुकडा राखून ठेवतो. वीज न जाता रीबूट झालं आणि बूटलोडरने (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामने) रॅम पुसली नाही, तर तो मजकूर सहसा टिकतो. तुझ्या बाबतीत एक मेख आहे. वॉचडॉग थेट रीसेट मारतो, त्यामुळे पॅनिकचा (कर्नल कोसळताना चालणारा) कोड चालतच नाही आणि क्रॅशची नोंद होत नाही. म्हणून रॅमूप्समध्ये कन्सोलसाठीही जागा राखून ठेव. त्यात कर्नलचे संदेश सतत लिहिले जातात, बोर्ड अडकला तरी.

आता नोकरी. 'क्रॅश लॉग' नावाची जाहिरात तुला दिसणार नाही. एम्बेडेड लिनक्स, डिव्हाइस ड्रायव्हर, बीएसपी (विशिष्ट बोर्डावर लिनक्स चालवणारं सॉफ्टवेअर) असे शब्द शोध. वेबपेक्षा जागा कमी असतात, आणि सी ही भाषा पक्की नसेल तर पहिल्याच फेरीत बाहेर पडशील. बाबांची काळजी खोटी नाही. पण हे काम आपल्याकडे होतं. सर्व्हर कोसळल्यावर दुसरा कर्नल सुरू करून पहिल्याची मेमरी वाचवणारं केडंप २००५ मध्ये लिनक्समध्ये आलं, आणि ते घडवणाऱ्यांत आयबीएमच्या भारतातल्या केंद्रातले विवेक गोयल आणि हरिप्रसाद नेल्लितीर्थ होते.

लॅपटॉपवर क्यूईएमयू या आभासी मशीनमध्ये लिनक्स चढव, केडंप लाव आणि सिसआरक्यू ट्रिगर या कर्नलला थेट आज्ञा देणाऱ्या फाइलमध्ये 'सी' हे अक्षर लिहून कर्नल मुद्दाम पाड. मिळालेला डंप (वाचवलेली मेमरी) 'क्रॅश' या टूलमध्ये उघड. त्याच कर्नलची डीबग माहिती लागते, तिथे बरेच जण अडतात. दर वेळी काय पाडलं आणि काय सापडलं ते वहीत लिही. मुलाखतीला तीच वही घेऊन जा. मी मुलाखत घेणारा असतो, तर आधी तीच मागितली असती.

कोर्सची फी भरण्याआधी बाबांकडे दोन महिने माग. पीस्टोअरमध्ये कन्सोलची पहिली फाइल सापडली की त्यांना शेजारी बसव आणि बोर्ड अडकण्याआधीची शेवटची ओळ वाचून दाखव.